टक्के, सूट, जीएसटी आणि मजुरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात बरीच वर्षं वही लिहितोय, त्यामुळं गल्लीत कुणाला बिल कळलं नाही की त्याचा फोटो मला येतो. दिवाळीच्या आधी कपड्याची बिलं, लग्नसराईत गुजरीतली, म्हणजे सराफ पेठेतली बिलं, आणि कारखान्यानं उसाचे पैसे जमा केले की मग काय विचारूच नका. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणातले भाव गणिताला सोपे जावेत म्हणून घेतलेत, जिथं खरा सरकारी दर आहे तिथं तसं लिहिलंय.

टक्का म्हणजे नेमकं काय हो? शाळेत झालं होतं, आता डोक्यातनं गेलं.

शेकडा. शंभरामागं किती, एवढंच. १५ टक्के म्हणजे शंभराला पंधरा, दोनशेला तीस, पन्नासला साडेसात. आमच्याकडं येणारे जुने व्यापारी अजून "शेकडा दोन" असंच बोलतात आणि त्यांचा हिशोब कधी चुकत नाही, कारण शेकडा म्हटलं की शंभर कशाचे हे आपोआप विचारलं जातं. आपण टक्के म्हणतो आणि ते विचारायचं विसरतो. एमआरपीचे टक्के का खरेदीचे, सोन्याचे का नुसत्या मजुरीचे, जीएसटीच्या आधीच्या रकमेचे का नंतरच्या. गणित चौथीच्या पोराला जमेल असं असतंय, माणूस फसतो तो ह्या "कशाचे" मध्ये. मी पण फसलोय, ते सोन्याच्या प्रश्नात सांगतो.

मोबाइल न काढता दुकानात उभ्या उभ्या कसं काढायचं?

आधी दहा टक्के काढा, शेवटचा आकडा सोडला की झालं. भवानी मंडपाजवळ चप्पल लाइनला जोडी घेतली, चिठ्ठीवर १३६० लिहिलंय आणि तो म्हणतोय पंधरा टक्के कमी करतो. १३६० चे दहा टक्के १३६. पाच टक्के म्हणजे त्याचं निम्मं, ६८. दोन्ही मिळून २०४. १३६० वजा २०४, द्यायचे ११५६. एवढं तो चप्पल कागदात गुंडाळेपर्यंत होतं.

एक टक्का हवा असला तर शेवटचे दोन आकडे सोडा, १३ रुपये ६० पैसे. मग १८ टक्के म्हणजे वीस टक्क्यातनं दोन टक्के वजा, २७२ वजा २७ रुपये २० पैसे, म्हणजे २४४ रुपये ८० पैसे. सरळ अठरानं गुणायला गेलात तर दुकानदार तोंडाकडं बघत बसतो.

अजून एक गंमत आहे आणि ती लई कमी लोकांना माहीत असते. टक्के आणि रक्कम उलटसुलट केले तरी उत्तर तेच येतं. ५० रुपयांचे १८ टक्के काढायचं अवघड वाटत असेल तर १८ चे ५० टक्के काढा, ९ रुपये, संपलं. २५ चे १६ टक्के म्हणजे १६ चा पाव भाग, ४. आणि २५० चे १२ टक्के म्हणजे बाराची अडीचपट, ३०. ३५० चे १२ टक्के म्हणजे बाराची साडेतीनपट, ४२. आमच्या आजीच्या वेळी पावकी, निमकी, अडीचकी, औटकी असे पाढे पाठ करून घ्यायचे, ते ह्यासाठीच. ती ओट्यावर बसून बोटाच्या पेरावर अंगठा सरकवत मोजायची आणि आम्ही कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं.

आमचे आजोबा "रुपयाला दोन आणे सोडले" म्हणतात, ते किती टक्के?

साडेबारा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. म्हणजे एक आणा सव्वासहा टक्के, दोन आणे साडेबारा, चार आणे पंचवीस, बारा आणे पंच्याहत्तर. "सोळा आणे खरं" म्हणजे शंभर टक्के खरं, ते ह्याच हिशोबानं.

२० टक्के सूट आणि वर आणखी १० टक्के, म्हणजे ३० ना?

नाही, २८. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. २००० चा ड्रेस घ्या. वीस टक्के गेले, १६०० राहिले. आता पुढचे दहा टक्के १६०० चे निघतात, २००० चे नाहीत, म्हणजे १६० गेले आणि १४४० उरले. एकूण सूट ५६०, दोन हजारावर २८ टक्के. पाटीवर "५० + ३०" असलं की माणसाच्या डोक्यात ८० येतं, असतात ६५.

तोंडी करायचं तर दोन्हीची बेरीज करा आणि त्यातनं दोन्हीच्या गुणाकाराचा शंभरावा भाग वजा करा. २० अधिक १० तीस, गुणाकार २००, त्याचा शंभरावा भाग २, तीसातनं दोन गेले अठ्ठावीस.

आधी दहा लावले आणि मग वीस लावले तर काही फरक पडतो का असं पण विचारतात. पडत नाही, तेच १४४०. पण एक सूट टक्क्यात आणि दुसरी रोख रुपयात असेल तर मात्र पडतो. २००० वर वीस टक्के आणि २०० चं कूपन आहे समजा. आधी टक्के मग कूपन, १६०० वजा २०० म्हणजे १४००. आधी कूपन मग टक्के, १८०० चे वीस टक्के ३६० गेले, १४४०. चाळीस रुपयाचा फरक आला. म्हणून टक्के आधी लावून घ्यायचे आणि रोख कूपन शेवटी, काउंटरवर तसं सांगून बघा, कधी ऐकतात कधी नाही.

"एकावर एक फ्री", "दोनावर एक फ्री", "२० टक्के जादा" ह्यात सगळ्यात भारी कुठलं?

एकावर एक म्हणजे ५० टक्के, दोनावर एक म्हणजे ३३ टक्के आणि थोडं वर, तीनावर दोन म्हणजे ४० टक्के, पण हे सगळं तेव्हाच जेव्हा सगळ्या वस्तू एकाच किमतीच्या असतात. नाहीतर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सगळ्यात स्वस्त वस्तू फ्री. ९०० चे दोन शर्ट आणि ५०० चा एक टी-शर्ट घेतला तर २३०० च्या मालावर ५०० सुटले, ती झाली साधारण पावणेबावीस टक्के. आणि मुळात तुम्हाला एकच शर्ट पाहिजे होता, तर राजारामपुरीत दुसऱ्या दुकानात तोच शर्ट दहा टक्के कमीनं घेऊन घरी गेलेलं बरं.

"त्याच किमतीत २० टक्के जादा" हे वाचायला वीस टक्के सूट वाटतं. शंभर ग्रॅमच्या पैशात एकशे वीस मिळाले, म्हणजे तुमचा भाव सहाव्या हिश्शानं कमी झाला, पावणेसतरा टक्क्यांच्या आसपास. वाईट काही नाही, पण वीस नाही.

"५० टक्क्यांपर्यंत सूट" बघून गेलो आणि बिलात फक्त दहाच टक्के निघाले, तक्रार करता येते का?

"पर्यंत" हा शब्द बारीक असतो बघा, ५० हा भला मोठा लाल. कोपऱ्यातल्या एका रॅकवर ५० असली तरी पाटी खोटी ठरत नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा विचारायचं, हे जे मी हातात धरलंय ह्याच्यावर किती.

ॲपवर ह्याचाच दुसरा अवतार असतो, "२० टक्के सूट, जास्तीत जास्त १०० रुपये". पाचशेच्या ऑर्डरपर्यंत ती खरोखर वीस टक्के असते. आठशेची ऑर्डर केली की साडेबारा टक्के झाली, हजाराची केली की दहा. डिलिव्हरी आणि पॅकिंगचे पैसे वर लागलेले असतात ते वेगळेच. म्हणून पाचशेच्या जवळपास थांबायचं, कूपन वाया जाईल म्हणून अजून एक बिर्याणी मागवायची नाही.

भाव आधी २० टक्के वाढवला आणि मग २० टक्के सूट दिली तर जिथल्या तिथं ना?

नाही, ४ टक्के खाली. १००० चे १२०० झाले आणि १२०० चे वीस टक्के २४० गेले, ९६० आले. वाढ हजारावर होती, सूट बाराशेवर आहे, परत तेच, कशाचे टक्के.

दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो वीसवर वीस देत नाही. चाळीस टक्के वाढवतो आणि तीस टक्के सूट लावतो. १००० चे १४०० झाले, तीस टक्के गेले, ९८०. तुम्हाला मिळाले दोन टक्के आणि पिशवीवर छापलं तीस. त्यामुळं एखादी मोठी वस्तू घ्यायची असली तर सणाच्या महिनाभर आधी जाऊन चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा असं माझं मत आहे.

सूट जाऊन किती दिले ते माहीत आहे, मूळ किंमत कशी काढायची?

मघाची चप्पल घ्या, पंधरा टक्के सूट जाऊन ११५६ दिले. लोक काय करतात, ११५६ चे पंधरा टक्के काढून त्यात मिळवतात, १३२९ येतं आणि मग म्हणतात कुठंतरी चुकलंय. ११५६ हे मूळ किमतीचे ८५ टक्के आहेत. म्हणून ११५६ ला ८५ नं भागा आणि १०० नं गुणा, १३६० बरोबर येतं.

एमआरपीच्या वर जीएसटी लावला तर द्यायचा का?

नाही द्यायचा. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. पाकिटावर १०० छापलंय आणि बिलात ११८ लावले तर ते चुकीचं आहे, सरळ बोलून दाखवा.

एमआरपीतनं जीएसटी किती गेला हे बघायचं असेल तर परत तीच भागाकाराची गोष्ट. १८ टक्केवाली वस्तू ५९० ला मिळाली तर त्यातला जीएसटी ५९० चे अठरा टक्के नाही. ५९० म्हणजे ११८ टक्के, म्हणून मूळ किंमत ५०० आणि कर ९०. पाच टक्केवाल्या वस्तूला तर सोपंच आहे, किमतीला २१ नं भागा, जे येईल तो कर. १०५ ला २१ नं भागलं की ५.

जीएसटी २८ चा १८ झाला तर गाडी १० टक्के स्वस्त व्हायला पाहिजे होती, मग तेवढी का नाही झाली?

ह्यावर आमच्या तालमीत एक संध्याकाळ गेली होती, दोघं तर एकमेकांवर ओरडायला लागले होते. झालं काय, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ हे टप्पे काढून टाकले, बहुतेक वस्तू ५ किंवा १८ मध्ये आल्या. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर २८ होता, तो १८ झाला. आता गाडीची कराआधीची किंमत ७०,००० धरा. आधी ८९,६०० ला मिळायची, नंतर ८२,६००. सात हजार वाचले. पण हे सात हजार ७०,००० चे दहा टक्के आहेत, आणि तुम्ही जी किंमत मोजत होता ती ८९,६००, तिच्यावर ते आठ टक्क्यांना पण थोडे कमीच भरतात, ७.८. त्यामुळं कर दहा टक्क्यांनी कमी झाला म्हणणारा पण बरोबर आणि गाडी आठ टक्क्यांनीच उतरली म्हणणारा पण बरोबर. भांडण फुकटचं होतं.

साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरनं ५ वर आले, म्हणजे ११८ चे १०५, अकरा टक्के उतार. तूप १२ वरनं ५ वर आलं, ११२ चे १०५. हा उतार काढून बघा, बरोबर सव्वासहा टक्के येतो. म्हणजे आजोबांच्या भाषेत तूप रुपयामागं एक आणा उतरलं. ६७२ च्या डब्याचे ६३० व्हायला पाहिजेत.

चप्पल २५०० च्या वर गेली की एकदम महाग कशी होते?

कारण तिथं टप्पा बदलतो. जोडीची विक्री किंमत २५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्यावर १८. कपड्याला पण हाच नियम, एका नगाला २५०० पर्यंत ५. आणि इथं फक्त वरच्या शंभर रुपयावर अठरा लागत नाहीत, अख्ख्या किमतीवर लागतात. २५०० ची जोडी करासकट २६२५ ला पडते, २६०० ची जोडी ३०६८ ला. शंभर रुपये महाग घेतली आणि ४४३ जास्त मोजले. अशा वेळी घासाघीस करून २६०० च्या २३४० करून घेतल्या तर दहा टक्के सूट तर मिळतेच, शिवाय कर पण पाच टक्क्यात येतो आणि बिल २४५७ वर थांबतं. अस्सल कातडी, भारी वेणीच्या जोड्या ह्याच किमतीच्या आसपास असतात म्हणून सांगतोय.

मिसळ खाल्ली, बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्ही लावलेत, दोनदा कर घेतला का?

नाही. साध्या हॉटेलात जीएसटी एकूण पाच टक्के, त्यातला अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. चार मिसळ ११० प्रमाणं ४४०, चार चहा ८०, झाले ५२०. अडीच टक्के १३ आणि परत १३, एकूण ५४६. जादा कट आणि ब्रेडचे पैसे लावले का ते बघा, टक्क्याचं काही चुकलेलं नाही.

दोन गोष्टी मात्र बघण्यासारख्या आहेत. एक, काही छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडनं वेगळा जीएसटी घेता येत नाही, तशी पाटी पण लावावी लागते. दुसरी, सर्व्हिस चार्ज. तो कर नाही, हॉटेलवाल्याचाच असतो, आणि जुलै २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं तो आपोआप बिलात लावता येत नाही. दहा टक्के लावला तर ५२० वर ५२, आणि मग जीएसटी ५७२ वर, बिल सहाशेच्या पुढं. काढा म्हटलं की काढतात, लाजायचं काय त्यात.

"मजुरीवर ५० टक्के सूट" म्हणजे सोनं किती स्वस्त पडतं?

हां, इथं मी फसलोय. बायकोच्या भावाचं लग्न होतं, एका मोठ्या दुकानाच्या बोर्डावर पन्नास टक्के सूट वाचलं आणि आम्ही सगळे रिक्षा करून गेलो. "घडणावळीवर" हा शब्द बोर्डाच्या खालच्या कडेला होता, तिथं दुकानानं कुंडी ठेवली होती. खरं सांगतो, कुंडी.

गणित असं. सोन्याची किंमत १,००,००० धरा आणि मजुरी १२ टक्के, म्हणजे १२,०००. मजुरीवर पन्नास टक्के सूट म्हणजे ६,००० गेले. सोनं आणि मजुरी मिळून १,१२,००० होते, त्यावर सहा हजार म्हणजे सव्वापाच टक्क्यांच्या जरा वर. त्यानंतर सोनं अधिक मजुरी ह्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी. सूट धरून १,०६,००० वर ३,१८०, एकूण १,०९,१८०. सूट नसती तर १,१५,३६०. वाचले ६,१८०. कमी नाहीत, पण पन्नास टक्के ऐकून माणूस जे मनात धरून जातो ते हे नव्हे. आणि शेजारच्या दुकानात मजुरी मुळातच ६ टक्के असेल तर तिथं कुठलाच बोर्ड नसताना तेवढंच बिल होतं.

म्हणून गुजरीत गेलं की तीन गोष्टी विचारायच्या, आजचा २२ कॅरेटचा भाव, मजुरी किती टक्के, आणि घट, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, वेगळी धरता का मजुरीतच. घट म्हणून वर अजून दोन-तीन टक्के लावतात आणि ते चिठ्ठीवर पटकन दिसत नाही. साजासारखं बारीक पानांचं काम असलं की मजुरी जास्तच असणार, हाताला वेळ लागतो, त्यावर फार ओढाताण करू नये असं मला वाटतं.

दागिन्यावर ९१६ लिहिलेलं असतं ते काय?

हजारात ९१६ भाग सोनं. म्हणजे ९१.६ टक्के, २२ कॅरेट. २२ भागिले २४ करा, तेच येतं. ७५० असेल तर १८ कॅरेट, पाऊण सोनं. जुनं मोडायला नेलं की हेच टक्के लावून वजन धरतात, १० ग्रॅमच्या २२ कॅरेटच्या पाटल्यात चोख सोनं ९.१६ ग्रॅम. मजुरी आणि जीएसटी परत मिळत नाहीत, ते त्या दिवशीच गेले.

उसाची रिकव्हरी पॉइंट दोननं घटली म्हणतात, एवढ्याशानं काय होतंय?

लई होतंय. रिकव्हरी म्हणजे शंभर किलो उसातनं किती किलो साखर निघाली, टक्केच आहेत ते. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव, १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. त्याच्यावर प्रत्येक ०.१ ला क्विंटलमागं ३ रुपये ४६ पैसे, टनाला ३४ रुपये ६० पैसे. आपल्या भागात उतारा, म्हणजे हीच रिकव्हरी, चांगला असतो, १२.२५ धरला तर बरोबर दोन टक्के वर, वीस वेळा ३४.६० म्हणजे ६९२, टनाला ४,२४२ झाले. त्यातनं तोडणी-वाहतूक जाते आणि मग उरलेलं खात्यावर.

आता ०.२ नं घटली तर टनाला ६९ रुपये २० पैसे गेले. एकराला ४० टन ऊस असेल तर २,७६८ रुपये. ऐकायला पॉइंट दोन, हातातनं जाताना पावणेतीन हजार.

आणि एक घोळ. रिकव्हरी १०.२५ ची ११.२५ झाली की लोक म्हणतात एक टक्क्यानं वाढली. पैसे मात्र साधारण पावणेदहा टक्क्यांनी वाढतात, कारण सव्वादहावर एक वाढलाय. बँकेचं व्याज ८ चं ९ झालं तरी तेच, एक टक्का वाढला असं म्हणतात आणि व्याजाची रक्कम साडेबारा टक्क्यांनी वाढते. ठेव ठेवणाऱ्याला गोड बातमी, कर्जवाल्याला नाही.

काट्याचं पण असंच आहे, १५ टनाच्या खेपेत दोन टक्के कमी भरले तर ३०० किलो गेले, वरच्या भावानं बाराशे सत्तरच्या आसपास रुपये. वजनाची पावती जपून ठेवायची.

माझं छोटं दुकान आहे. ८०० ला घेतो, १००० ला विकतो. मला २५ टक्के सुटतात, मग २५ टक्के सूट देऊ शकतो का?

भावा, थांब. ८०० वर २०० म्हणजे २५ टक्के, बरोबर. पण सूट तू १००० वर देणार, त्याचे २५ टक्के २५०, विकायला आलं ७५० ला, आणि घरातले पन्नास गेले. खरेदीवर २५ म्हणजे विक्रीवर २० च असतात, आणि वीस टक्के सूट दिलीस तर भाडं, लाइटबिल, पोऱ्याचा पगार सगळं खिशातनं. दहा दिलीस तर १०० उरतात. नफा खरेदीवर मोजायचा आणि सूट विक्रीवर द्यायची ह्या चुकीपायी बंद पडलेलं एक दुकान मी डोळ्यानं बघितलंय, माणूस लई चांगला होता.

शेकडा दोन रुपयानं पैसे मिळतायत, घेऊ का?

शेकडा दोन हे महिन्याचं असतं. वर्षाचे चोवीस टक्के. घ्या न घ्या तुमच्यावर, पण बँकेच्या दराशी तुलना करताना २ ला १२ नं गुणल्याशिवाय करू नका.

"फ्लॅट १२ टक्के" हे त्याहून चकवणारं. ६०,००० घेतले, वर्षाचं व्याज ७,२००, एकूण ६७,२००, महिन्याचा हप्ता ५,६००. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल पण फेडताय, सहाव्या महिन्यात तुमच्याकडं साठ हजार राहिलेलेच नसतात, निम्मेच असतात, आणि व्याज मात्र अख्ख्या साठ हजारावर धरलंय. खरा दर काढला तर २१-२२ टक्के येतो. "घटत्या शिल्लकेवर किती" असं विचारायचं, समोरचा गप्प बसला की समजायचं.

नो कॉस्ट ईएमआयला पण असंच बघा, रोख घेतलं तर किती कमी करता हे आधी विचारा. ३०,००० चा फोन रोखीनं २८,५०० ला मिळत असेल तर ते दीड हजार हेच व्याज. वर प्रोसेसिंग फी, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी लागत असेल तर तो पण.

एसटीचं भाडं वाढलं तेव्हा बायकांच्या अर्ध्या तिकिटाला पण वाढ का लागली?

अर्धं हे नव्या भाड्याचं अर्धं असतं म्हणून. महिलांना ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे, भाडेवाढ जानेवारी २०२५ ला झाली, १४.९५ टक्के. आधी २०० चं तिकीट असेल तर बाईला १००, वाढीनंतर हिशोबानं २२९.९० आणि ११४.९५. रुपयात वाढ निम्मी, टक्क्यात तेवढीच.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरचं टक्क्याचं बटण कधी भलतंच उत्तर देतं, बिघडलाय का?

बिघडलेला नाही, सगळ्यांची पद्धत एक नसते. एकदा १०० वजा १० आणि टक्के दाबून बघा. ९० आलं तर तुमचा कॅल्क्युलेटर शंभराचे दहा टक्के वजा करतोय, बिनधास्त वापरा. ९९.९ आलं तर तो नुसते ०.१ वजा करतोय, मग ते बटण विसरा आणि गुणाकार करा. पंधरा टक्के सूट असेल तर ०.८५ नं गुणा, अठरा टक्के कर असेल तर १.१८ नं.

घासाघीस करताना टक्के बोलावेत का रुपये?

रुपये. मागं एकदा चप्पल लाइनला उभा होतो, पुण्याकडचे कुणीतरी नवरा-बायको १३६० च्या जोडीवर "दहा टक्के तरी करा ना काका" म्हणून अडून बसले होते. काकांनी जरा तोंड वाकडं केलं, कॅल्क्युलेटर दाबल्यासारखं केलं आणि १२२४ ला दिली. ते दोघं खुशीत गेले. त्यांच्या मागं आमच्या पेठेतली एक म्हातारी होती, तिनं तसलीच जोडी उचलली, हजाराची नोट गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाली, "एवढंच हाईत बाबा." काकांनी एकदा नोटेकडं बघितलं, एकदा म्हातारीकडं, आणि पिशवी शोधायला लागले.